शेकोटी पेटते, पण झोपायच्या खोलीत नाही

पत्र :

ताई, नमस्कार.

आम्ही तीन वर्षांपासून बॉस्टनजवळ राहतो. नवरा पुण्याचा, कॉलेजपासून सह्याद्रीत भटकणारा. हरिश्चंद्रगडाच्या गुहेत किती रात्री काढल्या याचा हिशेब त्याच्याकडेही नाही. मी सांगलीची. लग्नानंतर त्याच्याबरोबर राजगड, तोरणा केले आणि मला आवडलेही. आता त्याने आणि ऑफिसातल्या दोन मित्रांनी मिळून न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये झीलंड फॉल्स हटवर जानेवारीअखेरची एक रात्र बुक केली आहे. तीन जोडपी, सहा जण. मला सांगितलं ते बुकिंग झाल्यावर.

मला थंडीची मनापासून भीती वाटते. इथे बसस्टॉपवर दहा मिनिटं उभं राहिले तरी बोटं बधिर होतात. तो म्हणतो, "अगं, तंबू नाही, पक्कं घर आहे. आत माणूस असतो, शेकोटी असते. घाबरायचं काय त्यात?" त्यातच तारखा बघितल्या तर माझी पाळी त्याच सुमारास आहे, आणि हे सगळ्यांसमोर बोलायचं कसं? नाही म्हटलं तर बेत मोडल्याचं खापर माझ्यावर. जाऊ की नको? आणि गेले तर ती रात्र निघेल कशी?

— एक वाचक, मॅसॅच्युसेट्स

उत्तर :

तुझ्या नवऱ्याने सांगितलं ते सगळं खरं आहे. घर पक्कं आहे, आत माणूस असतो, शेकोटीही असते. सांगायचं राहिलं ते एवढंच, की ती शेकोटी संध्याकाळचे काही तासच पेटते आणि ती बैठकीच्या खोलीत असते. तुम्ही झोपाल त्या खोलीत काहीही पेटत नाही. तुला भीती वाटतेय ती त्या खोलीची, आणि ती अगदी रास्त आहे.

मी त्या भागात अकरा वर्षं राहिले आणि त्यातल्या बऱ्याच हिवाळ्यांत या हटमध्ये मुक्काम केला. त्यामुळे जाऊ नकोस असं मी सांगणार नाही. पण आहे तो बेत मात्र मला मान्य नाही.

आधी 'माणूस असतो' म्हणजे काय ते बघू. या हट अॅपलाचियन माउंटन क्लबच्या. १८७६ साली बॉस्टनमध्ये स्थापन झालेली ही संस्था. त्यांची पहिली हट, मॅडिसन स्प्रिंग, १८८८ची. आज व्हाइट माउंटन्समध्ये त्यांच्या आठ हट आहेत. उन्हाळ्यात तिथे तरुण मुलामुलींचा चमू असतो. पाठीला लाकडी चौकट बांधून ती मुलं खालून शिधा वर वाहून नेतात, आणि रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता तुमच्या पुढ्यात येतो. हिवाळ्यात यातल्या बहुतेक हटना कुलूप लागतं. झीलंड फॉल्स आणि लोनसम लेकसारख्या ज्या मोजक्या उघड्या राहतात, त्या एका केअरटेकरच्या भरवशावर. गॅस आणि भांडी मिळतात. शिधा आपला, रांधणं आपलं, खरकटं आणि कचरा पाठीवर घालून खाली आणणं आपलं.

हा केअरटेकर सहसा पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी असते. शेकोटीची लाकडं जपून वापरणं, स्वयंपाकघर आणि शौचालय नीट ठेवणं, सकाळी हवामानाचा अंदाज वाचून दाखवणं, वाट कुठे निसरडी झालीय ते सांगणं, ही त्याची कामं. मला भेटलेले सगळे मनापासून मदत करणारे होते. पण त्यांची मदत सुरू होते ती हटच्या दारात. वाटेत तुझे पाय चालेनासे झाले तर ते त्याला कळणारही नाही. म्हणून माझ्या लेखी 'आत माणूस आहे' ही दारात पोचल्यानंतरची सोय. दारापर्यंतच्या वाटेवर तिचा उपयोग शून्य.

आता तुझ्या नवऱ्यासाठी एक गोष्ट. हे उत्तर त्यालाही वाचायला दे. सह्याद्रीत तयार झालेल्या माणसाला इथे सगळ्यात जास्त फसवते ती उंची. इथलं सर्वोच्च शिखर माउंट वॉशिंग्टन १,९१७ मीटर. कळसूबाई १,६४६ मीटर. आकडे शेजारी ठेवले की वाटतं, यात काय एवढं? आणि झीलंड हट तर आठशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वरच्या कितीतरी खाली. पण वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की आपल्याकडे पेपरात फोटो येतो, आणि या डोंगरांत जानेवारीच्या रात्री पारा उणे पंधरा, उणे वीस सेल्सिअसपर्यंत उतरला तर कुणी मान वर करूनही बघत नाही. त्याच माउंट वॉशिंग्टनवरच्या वेधशाळेने १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी २३१ मैल, म्हणजे ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला होता. एप्रिलमध्ये! तुमची हट झाडीत आहे, तिथे असा वारा लागत नाही. पण आपण कुठल्या डोंगररांगेत चाललोय ते माहीत असावं.

दुसरा फरक घामाचा. राजगडावर चढताना शर्ट पिळून काढण्याइतका भिजला तरी बालेकिल्ल्यावरच्या वाऱ्यात तो वाळतो आणि बरंच वाटतं. इथे भिजलेला कपडा थांबल्यावर पाचव्या मिनिटाला अंगातली ऊब ओढून घ्यायला लागतो. सह्याद्रीत वाट चुकली तर खाली कुठेतरी धनगरवाडा सापडतो, कुणीतरी चुलीपुढे बसवून भाकरी देतं. झीलंडच्या वाटेवर तसं काहीही नाही. तुझ्या नवऱ्याचा अनुभव खोटा नाही, त्याला वाट कळते, ओझं कळतं, माणसं सांभाळता येतात. थंडीचा अनुभव मात्र त्याच्याही गाठीला नाही, आणि हे त्याने स्वतःशी कबूल करायला हवं.

झीलंड पहिल्या खेपेला मला का नको आहे, ते सांगते. उन्हाळ्यात झीलंड रोडने गाडी थेट वाटेच्या तोंडाशी जाते आणि तिथून हट पावणेतीन मैलांवर. हिवाळ्यात तो रस्ता बंद असतो. गाडी खाली रूट ३०२ या हमरस्त्यालगत लावायची आणि तो साडेतीन मैलांचा रस्ताही पायीच. एकूण सहा मैलांच्या वर, म्हणजे दहा किलोमीटर, पाठीवर शिधा आणि जाडजूड स्लीपिंग बॅग. वाट बरीचशी लाकूडवाहू रेल्वेच्या जुन्या मार्गावरून जाते, त्यामुळे चढ सौम्य आहे; शेवटचा तुकडा तेवढा छातीवर येतो. वाट सुंदर आहे यात वादच नाही. बीव्हर या प्राण्याने बांध घालून केलेली तळी लागतात, आणि जे खोरं तोडीने आणि १८८६ व १९०३च्या वणव्यांनी बोडकं झालं होतं, तिथे आज दाट जंगलातून चालतोय हे बघून मला दर वेळी भरून येतं. पण ताजा बर्फ असेल तर नवखा माणूस तासाला एक-दीड मैलाच्या पुढे जात नाही. जानेवारीअखेर तिथे पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो. बॉस्टनहून सकाळी निघून दहा वाजता चालायला लागलात, तरी सहा जणांत एकाचा बूट चावला, एकाची पिशवी सुटली की शेवटचा छातीवरचा चढ अंधारात. आणि निम्म्या वाटेवर तुझी बोटं गेली, तर मागेही तीन मैल आणि पुढेही तीन मैल.

त्याऐवजी लोनसम लेक. फ्रँकोनिया नॉच या खिंडीत हमरस्त्याला लागूनच लाफायेत प्लेसला गाडी लावायची. तिथून हट १.६ मैल, चढ साधारण हजार फूट. रमतगमत दोन-अडीच तास. कुणाला बरं वाटेनासं झालं तर तासा-दीड तासात तुम्ही गाडीत, हीटर लावून. वर पोचलात की गोठलेलं तळं आणि पलीकडे फ्रँकोनियाची पांढरी धार. संध्याकाळी ती गुलाबी होते तेव्हा बाहेर उभं राहावंसं वाटतं, थंडी असूनसुद्धा. तळ्यावरून लोक चालत जाताना दिसतील; केअरटेकरला विचारल्याशिवाय तुम्ही बर्फावर पाऊल ठेवू नका. आणि दुसऱ्या दिवशी "आलोच आहोत तर ती धारही करून येऊ" असं कुणी म्हणालं तर तिथे ठाम नाही म्हण. ती झाडांच्या वरची जागा आहे, तिथला वारा वेगळा आणि तयारीही वेगळी.

आता रात्र. तू विचारलंस ते मुख्य हेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी पहिली रात्र फार वाईट गेली. ओळखीच्यांकडून स्लीपिंग बॅग मागून नेली होती, ती निघाली शरद ऋतूतली. अंगात आतून सुती टीशर्ट, चढताना घामेजलेला, आणि वरून लोकरीचे तीन थर. वाटलं, जितके थर तितकी ऊब. रात्री एकला दातांचा आवाज मलाच ऐकू यायला लागला. पहाटेपर्यंत गुडघे पोटाशी घेऊन बसून होते, आणि शेजारी नवरा गाढ झोपलेला. त्याला उठवायची लाज वाटली, हे आठवलं की आजही स्वतःचा राग येतो. तुला थंडी वाजली तर उठव. रात्री दोनला उठव, तीनला पुन्हा उठव.

बॅग भाड्याने घ्यायची, बॉस्टनमध्ये गिर्यारोहणाच्या साहित्याच्या दुकानांत मिळते. तिच्यावर दोन आकडे असतात. 'लिमिट' नावाचा आकडा बघू नकोस, 'कम्फर्ट' बघ. ज्याला लवकर थंडी वाजते त्याच्यासाठीचा आकडा तो. तो उणे अठरा सेल्सिअसच्या, म्हणजे शून्य फॅरनहाइटच्या जवळपास हवा. हटमध्ये गादी असली तरी खाली फोमची पट्टी अंथर, कारण थंडी खालूनही येते.

आपल्याकडे सुती म्हणजे अंगाला चांगलं, ही शिकवण लहानपणापासूनची. इथे ती घरी ठेवून जा. जीन्स नाही, सुती मोजे नाहीत, आतले कपडेही सुती नाहीत. चढताना अंगात कमीच कपडे ठेव, निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. घाम यायच्या आधी एक थर उतरव. तुझ्यासाठी सगळे थांबले तर थांबू देत. हटमध्ये पोचल्या पोचल्या, चहाच्याही आधी, अंगाला लागलेले सगळे कपडे बदल. पुरुष हे सांगत नाहीत म्हणून मी सांगते : दुसरी कोरडी ब्रा ने. पाठीच्या पट्टीत अडकलेला ओलावा रात्रभर छळतो. झोपण्याचे मोजे वेगळे, जरा सैल, आणि ते घालून चालायचं नाही.

जेवण तुपाचं हवं. मुगाच्या डाळीची खिचडी, वर सढळ हाताने साजूक तूप. तू एरवी दोन घास कमी खात असशील तर त्या रात्री दोन जास्त खा, कारण अंगातली भट्टी त्याच्यावर चालते. भाजलेलं बेसन बरोबर नेलंत तर पिठलंही पटकन होतं. संक्रांत नुकतीच झालेली असेल, तिळगुळाचे लाडू खिशात ठेव. चिक्की नको, ती त्या थंडीत दगड होते आणि दात दुखावतो.

शेकोटी विझायच्या आधी, घट्ट झाकणाच्या जाड बाटलीत गरम पाणी भर, तिच्यावर मोजा चढव आणि ती बॅगेत मांड्यांच्या मध्ये ठेव. याने मला जेवढी झोप दिली तेवढी कुठल्याच महागड्या साहित्याने दिली नाही. सकाळी तेच पाणी प्यायला होतं. बाकीच्या बाटल्या उलट्या ठेव. पाणी वरून गोठतं, म्हणजे झाकण मोकळं राहतं. फोन, बॅटरी, उद्याचे हातमोजे, सगळं बॅगेच्या आत. नाक-तोंड मात्र बाहेर हवं. आत तोंड घालून श्वास घेतलास तर वाफेने बॅगच ओली होते. कानटोपी आपली साधी लोकरीचीच.

रात्री लघवीला उठायला लागेलच. कंटाळा करून पडून राहू नकोस, झोप येत नाही आणि मन त्याच्याभोवतीच फिरत राहतं. हेडलॅम्प गळ्यातच अडकवून झोप, जाकीट आणि बूट हाताशी.

पाळीचं. यात सांगण्यासारखं बरंच आहे आणि लाजण्यासारखं काही नाही. तिथलं शौचालय कंपोस्टचं असतं, त्यात पॅड किंवा ओला टिश्यू टाकायचा नाही. एकात एक अशा दोन झिपच्या पिशव्या ने, बाहेरची अपारदर्शक. वापरलेलं सगळं त्यात घालून खाली आणायचं. ओले टिश्यू बाहेर राहिले तर विटेसारखे गोठतात, म्हणून पाकीट दिवसा आतल्या खिशात आणि रात्री बॅगेत. तू कप वापरत असशील तर ते दोन दिवस पॅडवर काढ. त्या थंडीत बर्फगार पाण्याने कप धुणं हा तुझ्या बोटांवर अत्याचार आहे. पोटात दुखत असेल तर नेहमीची गोळी जेवणाबरोबर घे. आणि बाकीच्या दोघींना आत्ताच फोन कर. सगळ्यांसमोर बोलायची गरजच नाही, त्या दोघींना सांग. यातले निम्मे प्रश्न त्यांनाही पडलेले असणार.

तुझ्या बोटांची मला यापेक्षा जास्त काळजी वाटते. बधिर होताना ती पांढरीफटक पडतात का? मग निळसर, आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकतात का? तसं होत असेल तर तो रेनॉडचा त्रास असू शकतो. फार दुर्मीळ नाही, पण उणे पंधराला रात्र काढायची तर त्याच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. आधी डॉक्टरांना दाखव. डॉक्टर नको म्हणाल्या तर विषय संपला आणि तुझ्यावर खापर फोडायला जागाच उरत नाही. काही नसेल तर पाच बोटांचे वेगळे हातमोजे सोडून चार बोटं एकत्र राहणारे मिटन घे, आत हात गरम करायच्या पुड्या.

चालताना सगळ्यांनीच एकमेकांकडे लक्ष ठेवायचं असतं. अंगातली ऊब धोक्याच्या खाली उतरायला लागली की माणूस आधी चिडचिडा होतो, मग त्याला झिप लावता येत नाही, जीभ जड होते, पाय अडखळतात. त्या वेळी तो स्वतः "मी ठीक आहे" म्हणतो. एरवी शांत असणारा तुझा नवरा वाटेत विनाकारण खेकसला तर भांडू नकोस. त्याला थांबव, कोरडं काहीतरी घाल, गोड खायला दे आणि परत फिरा.

नवऱ्याशी बोलायचं कसं, तर आज रात्रीच, मित्रांना न गुंतवता. "मला भीती वाटते" एवढ्यावर थांबलीस तर तो तुझी समजूत काढायला लागेल, ते मला पत्रातच दिसतंय. त्यापेक्षा असं म्हण : "मी येते, पण लोनसम लेकला. सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीने सगळे चालणार. दुपारी दोनपर्यंत हट आली नाही तर जिथे असू तिथून परत. आणि परत फिरल्यावर कुणी कुणाला बोल लावायचा नाही." दोनची वेळ घरीच ठरवा, बर्फात उभं राहून ठरवायला गेलात तर प्रत्येकाला हट पुढच्याच वळणावर वाटते. मला न विचारता बुकिंग केलंस याचं वाईट वाटलं, हेही सांग. ते मनात ठेवून तिथे गेलीस तर रात्री दोनला उठवायला तुझा हात होणार नाही.

बुकिंग बदलता येतं का ते आधी विचारून घ्या. पैसे बुडाले तर बुडाले. न्यू हॅम्पशायरमध्ये बेफिकिरीने अडकलेल्यांकडून सुटकेचा खर्च वसूल करायचा कायदा आहे, हे तिघा मित्रांच्या कानावर घाल. बुकिंगचे पैसे त्यापुढे काहीच नाहीत. बुटांना लावायचे काटे आणि स्नोशूज, म्हणजे बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी, सगळ्यांनी भाड्याने घ्याव्यात. मऊ बर्फात नुसत्या बुटांनी चालून पडलेले खड्डे रात्रीतून गोठतात आणि मागून येणाऱ्याचा पाय त्यात मुरगळतो. कुठे जाणार, कधी परतणार, हे बॉस्टनमधल्या एखाद्या मित्राला लिहून द्या, वाटेत फोन लागेलच असं नाही.

आणि एवढं सगळं वाचूनही तुझं मन होत नसेल, तर आणखी एक वाट आहे. लोनसम लेकपर्यंत सकाळी सगळ्यांबरोबर चढायचं. हट दिवसा येणाऱ्यांनाही उघडी असते. सगळ्यांबरोबर चहा घ्यायचा, तळं बघायचं, आणि उजेडात उतरून खाली एखाद्या साध्या गेस्टहाउसमध्ये गरम खोलीत झोपायचं. फक्त एकटीने उतरायचं नाही, नवऱ्याने किंवा मैत्रिणींपैकी कुणीतरी बरोबर यायचं. बेत यानेही मोडत नाही.

डॉक्टरांची वेळ मात्र उद्याच घे. बोटांचं काय ते कळल्याशिवाय नवीन बुकिंगही करू नका.